सीझरला घेऊन खोर फक्कानला

दादांना दोन दिवस शारजाबाहेर न्यायचं होतं, म्हणून आम्ही खोर फक्कानला गेलो. प्रवासाचं इतकं वाईट कारण मी या ब्लॉगवर आजवर लिहिलेलं नाही. पण रस्ता सुंदर आहे, समुद्र त्याहून सुंदर आहे आणि "वीकेंडला मॉल सोडून कुठे जाऊ?" असं तुमच्यापैकी बरेच जण विचारत असतात, म्हणून लिहितोय. फक्त रस्त्याची माहिती हवी असेल त्यांनी मधला तमाशा गाळून वाचलं तरी माझी हरकत नाही.

आधी दादा कोण ते सांगतो. अरुणदादा, वय एकसष्ट, एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत एस्टिमेशनला. सव्वीस वर्षं शारजात. वहिनी सध्या आईच्या आजारपणासाठी पुण्याला असतात. आमचा हौशी नाटकाचा ग्रुप दादांनी उभा केला, तोही अल मजाजच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, सोफा भिंतीला सरकवून. मी मंदार. जबल अलीला एका लॉजिस्टिक्स कंपनीत आठवडाभर कंटेनरच्या मागे धावतो आणि शुक्रवारी संध्याकाळी दादांच्या हॉलमध्ये उभा राहून नाटकातलं बोलतो. हातांचं काय करायचं हे मला वयाच्या तेहतिसाव्या वर्षी दादांनी शिकवलं. तोवर माझे हात नुसते लोंबकळत असत.

गेली तीन वर्षं आम्ही दादांनी लिहिलेलं रोमचं नाटक बसवतोय. सीझरच्या खुनाच्या दिवसाची सकाळ, एवढाच त्याचा विषय. त्या दिवशी सीझरच्या बायकोला वाईट स्वप्न पडलं होतं आणि त्यानं सभेला जायचं नाही असं ठरवलं होतं. कटवाल्यांची पाचावर धारण बसली. तेव्हा डेसिमस नावाचा त्याचा जवळचा माणूस घरी आला, स्वप्नाला हसला, हात धरून त्याला बाहेर घेऊन गेला. सीझरच्या मृत्युपत्रात या डेसिमसचंही नाव होतं. "सुरे बाहेरच्यांनीही चालवले," दादा म्हणायचे, "पण घरातून बाहेर काढला तो घरच्यानं. माझं नाटक त्या घरच्याचं आहे." डेसिमसची भूमिका माझ्याकडे होती.

तीन वर्षांत प्रयोग शून्य. दोनदा हॉल बुक करून रद्द केला, कारण दादांना दुसरा अंक पुन्हा लिहायचा होता. नवी मुलं महिनाभर टिकायची आणि गळायची. आमच्यातली सगळ्यात चांगली नटी प्राची, तिला दादा सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझ्यापेक्षा खुर्ची बरं ऐकते." ती पर्स उचलून गेली ती परत आली नाही. अध्यक्ष दादा, दिग्दर्शक दादा, लेखक दादा. बोलायचं कुणाशी?

मग एक दिवस संदीपनं मला कॉफीला बोलावलं. संदीप आमचा सेक्रेटरी, बँकेत आहे, आवाज कधी चढत नाही. "दादांना बाजूला करायला पाहिजे, पण त्यांचा मान राखून," तो म्हणाला. "समोर असले की कुणाचा हात वर जात नाही, मागच्या दोन मीटिंगला बघितलंस ना? तू त्यांना वीकेंडला कुठेतरी ने. रविवारी पाच वाजता आम्ही सभा घेतो, ठराव करतो, खलास. त्यांना तोंडावर ऐकावं लागत नाही, आपल्याला बोलावं लागत नाही."

इथे नियम समजून घ्या. आखातात माणूस आज आहे आणि उद्या व्हिसा संपून परत, म्हणून दादांनीच ग्रुपला नियम घालून दिला होता: जो सभेला हजर त्याचंच मत, फोनवरून नाही, चिठ्ठीवरून नाही. सभेची सूचना त्याच दिवशी सकाळी व्हॉट्सॲपवर टाकली तरी पुरे. हे दोन्ही नियम आता त्यांच्यावरच चालवायचे होते. सूचना रविवारी सकाळी दहाला पडणार होती. दादा बाहेर गेले की फोन बघत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक. मी त्यांना संध्याकाळी सातपर्यंत डोंगरापलीकडे ठेवायचं, एवढंच माझं काम.

"आणि पुढचं नाटक तू बसव," संदीप बिल देता देता म्हणाला.

मी हो म्हणालो. मला ते हवंच होतं. चार वर्षांपासून हवं होतं. दादा थकलेत हेही मला मनापासून पटलेलं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि मी स्वतःला फक्त दुसरी सांगत राहिलो.

शनिवारी सकाळी सातला निघालो. "तिथे डोंगराच्या पायथ्याशी रोमन पद्धतीचं खुलं नाट्यगृह बांधलंय, बघू या," एवढ्यावर दादा लगेच तयार झाले होते. बायको अनघा दारात डबा देताना म्हणाली, "फक्त गाडीच चालवायचीय ना तुला? मग चेहरा असा का?" आठवीतली ईरा कानातला हेडफोन न काढता म्हणाली, "बाबा, यू लुक लाइक यू हॅव अ टेस्ट." मी किल्ली घेतली.

रस्त्याचं सांगतो. शारजाहून आधी मलीहा, मग खोर फक्कान असा बेत करा. सकाळी लवकर निघालात तर इंडस्ट्रियल एरियाच्या ट्रकांच्या तावडीत सापडत नाही. शारजा सोडलं की दुबईसारखा सालिकचा टोल नाही, पण वेगाचे कॅमेरे भरपूर आहेत, एकशेवीस म्हणजे एकशेवीसच समजा. ऑक्टोबर ते मार्च जा. उन्हाळ्यात गेलात तर गाडीतून उतरणार नाही आणि मला शिव्या घालाल.

मलीहाला वाळवंटाच्या मधोमध पुरातत्त्वाचं छान संग्रहालय आहे. तिकीट पंचवीस-तीस दिरहॅमच्या घरात, म्हणजे सहा-सातशे रुपये. जायच्या आधी बघून घ्या. मला वाटलं होतं, फुटकी मडकी असतील. पण सीझर रोममध्ये होता तेव्हा इथेही नांदतं गाव होतं, व्यापार होता आणि श्रीमंत माणूस मेला की त्याच्याबरोबर त्याचे उंट आणि घोडा पुरायची पद्धत होती. घोड्याला सोन्याचा साज होता. दादा त्या सांगाड्यासमोर बराच वेळ उभे राहिले.

"बघ," ते म्हणाले, "इथे मोठा माणूस मेला की त्याचे उंट त्याच्यासोबत जायचे. रोममध्ये मोठा माणूस मेला की सोबतचे वाटणीला बसायचे."

"उंटांना विचारलं होतं का पण कुणी?" मी म्हणालो.

दादा खळखळून हसले. संग्रहालयातल्या मुलीनं वळून पाहिलं. हसताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता आणि मला तो काढून टाकावासा वाटत होता.

मलीहा सोडलं की डोंगर सुरू होतात. तपकिरी, बोडके, झाडाचं पान नाही, तरी नजर हटत नाही. मग एकामागून एक बोगदे लागतात. गाडीत दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून दादांनी तालीम काढली. ते सीझर, मी डेसिमस. "आज मी येणार नाही, डेसिमस. घरी राहीन," दादा काचेबाहेर बघत म्हणायचे, आणि मी माझं वाक्य म्हणायचो.

"नाही," दादा दर वेळी म्हणायचे. "व्हिलनसारखं बोलतोयस. डेसिमसच्या खिशात सुरा आहे हे तुला माहीत आहे, सीझरला दाखवू नकोस. काळजीनं बोल रे. प्रेमानं नेलंय त्यानं त्याला."

तीन बोगदे आम्ही हेच केलं. चौथ्यात मी रेडिओ लावला.

खोर फक्कानला किनाऱ्याला समांतर लांबलचक कॉर्निश, म्हणजे समुद्रालगतचा फिरायचा रस्ता आहे, बसायला भरपूर जागा आणि डोंगर अगदी पाठीशी. जेवायला किनाऱ्यावर मासळीची साधी हॉटेलं शोधा. आम्ही हमूर मासा भाजून घेतला. भात, सॅलडसकट दोघांचे ऐंशी दिरहॅम झाले. दादांनी लगेच मोठ्यानं रुपये काढले, "एकोणीसशे! पुण्यात यात चार जण जेवतील," आणि मग काट्यापर्यंत चाटून खाल्ला. मुक्काम साध्या हॉटेलात, खोली साडेतीनशेला. संध्याकाळी कॉर्निशवर चालताना दादा दुसऱ्या अंकातला नवा बदल सांगत होते आणि मी हूं हूं करत होतो. मी ठरवलं होतं की विचार करायचा नाही. सोमवारी जबल अलीला नेहमीसारखा जाईन, दोन-तीन महिने जरा अवघड जातील, मग सगळं मार्गी लागेल.

रविवारी साडेनऊला त्या नाट्यगृहाशी पोचलो. तिथून पुढे किनाऱ्यानं दिब्बा गावापर्यंत जायचा बेत होता. इथे जाच. अर्धवर्तुळात चढत गेलेल्या दगडी पायऱ्या, कमानी, समोर समुद्र आणि शेजारी डोंगरावरून सोडलेला मोठा धबधबा. धबधबा माणसानं केलेला आहे, पण आवाज खरा आहे. दारावर पेशावरचा रखवालदार होता. "आज प्रोग्राम नहीं है साब, देख लो. फोटो जल्दी ले लो," तो म्हणाला. कार्यक्रम असेल तेव्हा असं सोडत नाहीत, त्यामुळे आधी चौकशी करा.

दादा लहान मुलासारखे भरभर वर चढले आणि मधल्या पायरीवर गुडघा धरून बसले. मी वर पोचेपर्यंत त्यांना घाम फुटला होता.

"मंदार, दिब्बा राहू दे आज," ते म्हणाले. "गुडघा बोलायला लागला. आपण परतू. दुपारी घरी पोचतो आणि पाय वर करून पडतो."

दुपारी घरी म्हणजे सभेच्या आधी घरी. म्हणजे सूचना वाचणार. म्हणजे सगळं पाण्यात. मी विचार करायच्या आधीच तोंडातून गेलं, "असं काय करता दादा? इतक्या लांब आलोय. अर्ध्या तासाचा तर रस्ता आहे, गाडीत बसूनच बघायचंय. मी आहे ना. द्या, हात द्या." मी हसलो, वाकलो आणि त्यांचा हात धरला.

दादा उठले नाहीत. माझ्याकडे बघतच राहिले.

"परत म्हण," ते म्हणाले.

"काय?"

"आत्ता म्हणालास ते! अरे, हाच सूर! तीन वर्षं हाच मागतोय मी तुझ्याकडे. काळजी, हसणं, हात, सगळं बरोबर. कुठून आणलास? एक पायरी खाली उभा राहा आणि परत म्हण. आता विसरू नकोस हां!"

त्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता. गुडघा विसरले होते. मी एक पायरी खाली उतरलो. ते वाक्य पुन्हा म्हणता येईना. मला स्वतःची शिसारी आली. आणि तिथेच ठरलं की आता हे होणार नाही.

"दादा, आज पाच वाजता सभा आहे," मी म्हणालो. "तुम्हाला काढायची. थोड्या वेळात ग्रुपवर सूचना पडेल. तुम्ही तिथे नसावं म्हणून मी तुम्हाला इथे आणलंय."

त्यांनी माझा हात सोडला.

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना."

"तुला काय मिळणार?"

"पुढच्या नाटकाचं दिग्दर्शन."

खाली बाथरूम कुठे आहे ते दादांनी वरूनच रखवालदाराला विचारलं आणि कठडा धरून एकेक पायरी उतरले. मी मदतीला पुढे झालो तर तळवा दाखवून थांबवलं. रखवालदार मला म्हणाला, "बाबाजी को क्या हुआ? तबियत?" मी म्हटलं, "नहीं भाई, मेरी गलती है." वीस मिनिटांनी ते तोंड धुऊन आले. शर्टाची कॉलर ओली होती. "चल," एवढंच म्हणाले. तेवढ्यात माझा फोन वाजला. सूचना पडली होती.

परतीला रफिसा धरणापाशी थांबा. डोंगरांच्या कुशीत हिरवट निळं पाणी, भोवती चालायला वाट आणि कडक गोड करक चहा. आम्ही थांबलो ते मात्र पाणी बघायला नाही. मला अजून एक गोष्ट सांगायची होती आणि ती चालत्या गाडीत सांगायची नव्हती. चहाचे कप घेऊन मी बाकापाशी गेलो.

"दादा, मत मी तुमच्या विरोधातच देणार आहे."

त्यांनी कप तोंडाजवळ नेला होता, तो तसाच राहिला.

"तुम्ही आम्हाला उभं केलंत. पण आता तुमच्यामुळे कुणी उभं राहत नाहीये. प्राचीला तुम्ही जे बोललात ते चूक होतं. तीन वर्षं पडदा उघडलेला नाही. मला हे तुम्हाला कधीच सांगायला हवं होतं, मी घाबरलो."

"मग आज सांगितलंस कशाला?" दादांचा आवाज चढला, बाजूचं मल्याळी कुटुंब बघायला लागलं. "विरोधातच जायचं होतं तर त्यांच्यासारखं जायचं! मला दिब्बाला नेलं असतंस, मासे खाल्ले असते, मजेत घरी गेलो असतो!"

"तुमच्यासमोर हात वर करायचाय मला," मी म्हणालो. "मागून नाही."

त्यांनी चहा मातीत ओतला आणि गाडीकडे चालायला लागले. तिथून शारजापर्यंत, बोगद्यांतून, डोंगरांतून, मग सपाट वाळूतून, दादांनी तोंड खिडकीकडे केलेलं होतं. मी समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. घातली असती तर ती पुन्हा त्याच सुरात गेली असती.

अल नहदामधल्या एका सदस्याच्या बिल्डिंगच्या पार्टी हॉलमध्ये सभा होती. दुपारीच पोचलो होतो, पण दादा घरी जायला तयार नव्हते, म्हणून खाली गाडीतच बसून राहिलो आणि पाचला पाच कमी असताना दार उघडलं. संदीपचा चेहरा बघण्यासारखा झाला. समोशांची प्लेट हातात तशीच. दादांनी पहिल्या रांगेतली खुर्ची ओढली, तोंड सगळ्यांकडे करून ठेवली आणि बसले.

"चालू द्या," ते म्हणाले. "माझ्या अनुपस्थितीत काय वाचणार होतात ते वाचा."

संदीपनं ठराव वाचला. "अनुकूल असणाऱ्यांनी..." त्यानं वाक्य अर्धवटच सोडलं. हॉलमध्ये सगळे जमिनीकडे बघत होते. मागच्या दोन सभांसारखंच होणार हे दिसत होतं. मी दादांकडे बघत हात वर केला. सरळ, खांद्याच्या वर, त्यांनी शिकवला होता तसा. ते माझ्याकडे बघत राहिले. मीही नजर काढली नाही, जड जात होतं तरी काढली नाही. मग मागून एक हात गेला, मग दुसरा, मग बरेच. दादांनी उभं राहून स्वतः मोजले, मोठ्यानं. अकरा. विरोधात तीन.

"ठराव मंजूर," दादा म्हणाले. "मिनिट्स नीट लिहा."

दिग्दर्शनाचा विषय निघाला तेव्हा मी नको म्हणालो. संदीप दबक्या आवाजात म्हणाला, "यार, मग एवढं सगळं कशाला केलंस?" मी त्याला म्हटलं की आधी प्राचीला फोन कर आणि माफी माग. पुढचं नाटक ती बसवणार आहे. तिनं होकार द्यायला दोन दिवस घेतले.

दादांना घरी सोडायचं होतं, कारण त्यांची बॅग माझ्या गाडीत होती. मी पुढचं दार उघडून उभा राहिलो. ते वळसा घालून गेले आणि टॅक्सीत बसतात तसे मागे बसले. अल मजाजपर्यंत मी आरशात बघायचं टाळलं. बिल्डिंगखाली बॅग घेतली आणि लिफ्टकडे गेले. गुडघा दुखत होता, लंगडत होते. मी हाक मारली नाही.

या गोष्टीला पाच आठवडे झाले. खोर फक्कानला जा, नक्की जा, दोन माणसांचा दोन दिवसांचा खर्च पेट्रोलसकट सातशे दिरहॅममध्ये बसतो. माझ्यापुरतं म्हणाल तर मी एक मोठा माणूस गमावला आणि तसं होणार हे माहीत असून ते केलं. शुक्रवारी संध्याकाळी अजूनही सहा वाजले की पाय त्यांच्या बिल्डिंगकडे वळतात. रडूही आलं एकदा, पार्किंगमध्ये. पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा त्याच पायरीवर तेच सांगेन, फक्त घरून निघायच्या आधी सांगेन.

हा मजकूर टाकायच्या आधी मी दादांना पाठवला. त्यांच्या मागे आता काहीच करायचं नाही असं ठरवलंय. नाही म्हणाले असते तर टाकला नसता. दोन दिवस नुसत्या निळ्या खुणा. तिसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं:

"वाचलं. सगळं खरं आहे. छाप. तुझ्याशी मी इतक्यात बोलणार नाहीये."

म्हणून छापतोय.